जत्रेच्या रात्रींच्या कॅसेट: चित्राचा आकार न बिघडवता डिजिटल करण्याच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

अनंत चतुर्दशी झाली, चाकरमानी परत गेले, घर रिकामं झालं. आज मामांकडचे दोन पत्र्याचे डबे वाचनालयात आणले. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. मामा लग्नांचं शूटिंग करायचे आणि जत्रेच्या दिवसांत रात्र रात्र दशावतार टिपायचे, कोणी पैसे देवोत न देवोत. डब्यांत २३ मिनीडीव्ही (कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) आणि ११ व्हीएचएस (व्हीसीआरच्या जुन्या) कॅसेट निघाल्या. सगळ्यात जुनी १९९६ची, शेवटची २०११ची. त्यांतले कितीतरी नट आता नाहीत.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. त्याआधी जमेल तेवढं काढून वाचनालयात दाखवायचं असं ठरवलंय. तळकोकणात वाडीवाडीत अशा कॅसेट सडतायत, म्हणून हे काम कसं होत गेलं ते लिहून ठेवते आहे.

व्हीएचएसपैकी ४ कॅसेटवर पांढरी बुरशी आहे. त्या वेगळ्या काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्यांचं शेवटी बघू.

२५ सप्टेंबर

मिनीडीव्हीपासून सुरुवात केली, कारण त्यात सोपं आहे: फीतीवर मुळातच डिजिटल माहिती असते, फायरवायर केबलने (कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी तार) ती जशीच्या तशी उतरवायची. दर्जाचा काही निर्णय घ्यावाच लागत नाही. मामांचा कॅमेरा अजून चालतो, देवाची कृपा. माझ्या लॅपटॉपला फायरवायर नाही, म्हणून वाचनालयाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवलं, १,४०० रुपये. केबल कॅमेऱ्याकडे ४ पिनांची आणि कार्डाकडे ६ पिनांची लागते. मी दोन्हीकडे ४ पिनांची मागवली होती. पुन्हा मागवली असती तर पाच दिवस गेले असते, एकच गेला, कारण कणकवलीत एका ओळखीच्या स्टुडिओत हवी ती पडून होती.

उतरवायला डीव्हीग्रॅब हे सॉफ्टवेअर वापरते. तासाला साधारण १३ जीबी होतात, म्हणजे २३ कॅसेटचे ३०० जीबीच्या आसपास. २ टीबीची डिस्क घेतली, ५,५०० रुपये. कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ उतरवायला. घाई करता येत नाही.

२८ सप्टेंबर

पहिली कॅसेट, २००३च्या जत्रेची. मी सरळ १२८०×७२० मध्ये एन्कोड केली, म्हणजे दाखवायची फाईल त्या आकारात बनवली, हल्ली सगळं एचडीत असतं म्हणून. वाचनालयात काकींना बोलावलं. त्यांचे यजमान राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे नट होते, या कॅसेटमध्ये त्यांचा मोठा प्रवेश आहे. त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्ये खंय असे होते गो? तेंचा तोंड उभट. ह्यो कोण भलतोच रुंद मनीस."

चूक साधी होती. मूळ चित्र ४:३ (रुंदी ४ तर उंची ३), मी ते १६:९च्या चौकटीत ताणून बसवलं. रुंदी ३३ टक्क्यांनी वाढली. मुकुट पसरला, गाल पसरले, मागच्या मृदंगाचा पिंप झाला. मला ते दिसलंच नव्हतं, कारण टीव्हीवर ताणलेली चित्रं बघून डोळा सरावलाय. त्यांना दिसलं, कारण त्यांनी तो चेहरा चाळीस वर्षं पाहिला होता.

फाईल पुसली. तीन तास एन्कोडिंगचे वाया गेले, ते काही नाही. पण काकींच्या समोर ते चित्र गेलं याचं मला वाईट वाटतं. पुढची फाईल आधी मी तपासणार, मगच कुणाला दाखवणार.

३० सप्टेंबर

ताणायचंच नाही असं ठरवून आकार मुळाचाच ठेवला, ७२०×५७६. आता माणसं बारीक दिसायला लागली.

कारण शोधलं. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीत एका चित्रात ७२० उभ्या रांगा आणि ५७६ आडव्या ओळी असतात. ७२० भागिले ५७६ केलं तर १.२५ येतं, म्हणजे ५:४. पण चित्र तर ४:३चं. हिशेब जुळतो तो पिक्सेल चौकोनी नसल्यामुळे: प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा थोडा जास्त रुंद दाखवायचा असतो. किती रुंद, ते सांगणारी एक चिठ्ठी फाईलमध्ये असते. एसएआर म्हणजे एका पिक्सेलचं रुंदी-उंची प्रमाण आणि डीएआर म्हणजे अख्ख्या चित्राचं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाईल बाहेर काढताना मी "चौकोनी पिक्सेल" हा पर्याय तसाच राहू दिला. चिठ्ठी हरवली, रांगा तेवढ्याच राहिल्या, माणसं सुमारे ८ टक्के अरुंद झाली.

एफएफप्रोब या तपासणीच्या सॉफ्टवेअरने फाईल उघडून हे दोन आकडे बघायची सवय आजपासून. मूळ फाईलला एसएआर १६:१५ आणि डीएआर ४:३ दिसलं. माझ्या बिघडलेल्या फाईलला १:१ आणि ५:४.

३ ऑक्टोबर

आज नवरात्र बसलं. गेले दोन दिवस पूर्ण फुकट गेले, आणि कारण असं की कोणालाही फसवेल.

१४४०×१०८० ला चौकोनी पिक्सेल करून एक फाईल केली. म्हणजे ४:३ ही ४:३च. पेनड्राइव्हवरून वाचनालयाच्या टीव्हीवर लावली तर माणसं पुन्हा रुंद. मला वाटलं, अजून काहीतरी चुकतंय. रुंदी तीन चतुर्थांश करून तीन कॅसेट नव्याने एन्कोड केल्या. टीव्हीवर छान दिसल्या. रात्री फोनवर बघितल्या तर सगळे अगरबत्तीच्या काड्या.

टीव्हीच लबाडी करत होता. रिमोटवर चित्राच्या आकाराचं एक बटण असतं, ते कोणीतरी कधीकाळी "वाइड" वर ठेवलं होतं, काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून. टीव्ही प्रत्येक ४:३ चित्र आपल्या मनाने ताणत होता. माझी पहिली फाईल बरोबरच होती आणि मी ती बिघडवली.

म्हणून एक चाकाची फाईल केली. १४४०×१०८० चा काळा पट, मध्ये ९०० पिक्सेल व्यासाचं पांढरं वर्तुळ, चार कोपऱ्यांत छोटी चार. दहा सेकंदांचा व्हिडिओ. कुठलाही पडदा, टीव्ही, फोन असो, आधी चाक लावायचं. चाक गोल दिसलं तर पडदा खरा बोलतोय. मगच चित्र बघायचं. टीव्हीवर मोजपट्टी धरली तेव्हा वर्तुळ ६१ सेंटिमीटर रुंद आणि ४६ उंच निघालं. बटण "मूळ आकार" वर केलं, ४६ आणि ४६.

६ ऑक्टोबर

आज दिवसभर एकाच प्रश्नावर घालवला आणि तो घालवल्याचं समाधान आहे.

एफएफएमपेग हे एन्कोडिंगचं सॉफ्टवेअर पालच्या ४:३ डीव्हीला १६:१५ म्हणतं, म्हणजे पिक्सेल १.०६७ रुंद. दुसरीकडे १२:११, म्हणजे १.०९१ धरणारेही आहेत. कोणाचं खरं? फरक सव्वादोन टक्क्यांचा. मला पडद्यावर बघून सांगता येत नाही.

तर परात घेतली. पितळेची, घरातली सगळ्यात मोठी. वाचनालयाच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. मामांचा कॅमेरा स्टँडवर, भिंग बरोबर परातीच्या मध्याच्या उंचीला, सहा मीटर लांबून झूम करून. जवळून घेतलं तर किंचित तिरकेपणाही मापात येतो, लांबून तो कमी होतो. एक मिनिट रेकॉर्ड केलं, फायरवायरने उतरवलं, एक फ्रेम चित्र म्हणून काढली आणि कडा मोजल्या, ताणल्याशिवाय, कच्च्या पिक्सेलमध्ये.

उंची ४१२, रुंदी ३७५. भागाकार १.०९९. म्हणजे १२:११ च्याही वर?

मग सासूबाई म्हणाल्या, ती परात एका बाजूला चेपलेली आहे, विहिरीवर पडली होती. परात पाव फेरा फिरवून पुन्हा टांगली. आता उंची ४१०, रुंदी ३७७. भागाकार १.०८८. दोन्हींची सरासरी १.०९३. परातीचा चेपलेपणा एकदा वर नेतो, एकदा खाली आणतो, सरासरीत निघून जातो. १६:१५ खरं असतं तर सरासरी १.०६७ च्या आसपास यायला हवी होती. म्हणजे ४१० उंचीला रुंदी ३८४ भरली असती. ९ पिक्सेलचा फरक मोजण्यात चुकत नाही.

कारणही जुनं आहे. पालच्या एका ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं. डिजिटल करताना सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतात. गुणाकार केला की ७०२ येतात. म्हणजे ४:३चं चित्र ७०२ रांगांतच मावतं. ७२० पैकी उरलेल्या रांगा दोन्ही कडांना ठेवलेली मोकळीक. १६:१५ चा हिशेब अख्ख्या ७२० ला ४:३ समजतो आणि तिथे चुकतो. व्यवहारात ७०२ ऐवजी ७०४ धरतात, त्याला १६ ने भाग जातो. ७०४ ला १२:११ ने गुणलं की बरोबर ७६८. आणि ७६८×५७६ म्हणजे नेमकं ४:३.

हा फरक कुणाला दिसणार नाही असं मला दोघांनी सांगितलं. खरं आहे, दिसणार नाही. पण बरोबर करायला एक पैसाही जास्त लागत नाही, कमांडमध्ये एक आकडा बदलायचा. मग चुकीचा का ठेवायचा? आणि ज्याच्याकडे वेगळा कॅमेरा आहे त्याने स्वतःची परात टांगावी. तासाभराचं काम आहे.

९ ऑक्टोबर

४:३ मिनीडीव्हीची कृती पक्की झाली. क्रम महत्त्वाचा, म्हणून क्रमानेच लिहिते.

आधी डीइंटरलेस. या फीतीवर सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र म्हणजे दोन अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत विणलेली. बीडब्ल्यूडिफ फिल्टरने त्यांची ५० पूर्ण चित्रं करते. मग क्रॉप: ७२० मधल्या दोन्ही बाजूंच्या ८-८ रांगा काढून ७०४. मग स्केल, म्हणजे आकार बदलणं: १४४०×१०८०. शेवटी सेटसार १, म्हणजे पिक्सेल चौकोनी अशी नोंद. एन्कोडर एक्स२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८.

शेवटच्या पायरीचं कारण: पिक्सेल चौकोनी करून ठेवले की चिठ्ठीवर भिस्त राहत नाही. फाईल कुठेही गेली, कोणत्याही अ‍ॅपने चिठ्ठी फाडली, तरी आकार रांगा-ओळींतच बसलेला. मूळ डीव्ही फाईल अर्थातच जपून ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

एक चूक इथेही केली. अर्ध्या चित्रांपैकी आधी कुठलं, हा प्रश्न. डीव्हीत खालचं आधी असतं. मी दुसऱ्याच फाईलसाठी लिहिलेली कमांड चिकटवली, तिच्यात वरचं आधी होतं. काळ्या वेषातला संकासुर लोकांत धावत येतो तो प्रवेश लावला तर तो पुढे दोन पावलं आणि मागे एक असा थरथरत होता. स्थिर चित्रात हे कळत नाही. तपासायला नेहमी नाचाचा तुकडा घ्यावा.

रंगाचंही एकच वाक्य: जुन्या चित्राचे रंग ६०१ या जुन्या टीव्हीच्या नियमाने असतात, १०८० ओळींच्या फाईलला बरेचसे प्लेअर ७०९ हा एचडीचा नियम धरतात. रंग बदलून घेतले आणि फाईलवर तशी नोंदही केली, नाहीतर हळदीचा पिवळा किंचित वेगळा पडतो.

रात्री एन्कोडिंग चालू असताना लाईट गेली. एमपी४ फाईल अर्धवट राहिली की उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. आता एन्कोडिंग एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्ये करते, पूर्ण झालं की नुसतं एमपी४ पेटीत हलवते. त्याला मिनिटही लागत नाही.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, आज पुन्हा बसले. २००६ची एक कॅसेट अर्ध्यातच चमत्कारिक झाली. गणपती, रिद्धीसिद्धी, सगळा पूर्वरंग व्यवस्थित. आख्यान सुरू झालं आणि सगळे अरुंद.

मामांना फोन केला. म्हणाले, "लग्नवाल्यांका तेवा वाइड होया असायचा. बटान तसाच ऱ्हवला असतला."

तेच होतं. कॅमेऱ्यात १६:९ चा पर्याय होता. तो चालू केला तरी फीतीवर ७२०×५७६ च लिहिलं जातं, फक्त रुंद चित्र त्याच रांगांत दाबून बसवलेलं असतं. मधल्या विश्रांतीत कधीतरी बटण दाबलं गेलं होतं. फीतीवर चिठ्ठी बदलली होती, पण मी अख्ख्या कॅसेटची एकच फाईल केली आणि माझी कृती सगळ्यालाच ४:३ समजून चालत राहिली.

डीव्हीग्रॅबला प्रत्येक नवं रेकॉर्डिंग वेगळ्या फाईलमध्ये टाकायला सांगता येतं. ती कॅसेट पुन्हा उतरवली. १४ तुकडे झाले, प्रत्येकाचा डीएआर तपासला, ९ तुकडे ४:३ चे आणि ५ तुकडे १६:९ चे. १६:९ ला पिक्सेल १६:११ धरायचा: ७०४ ला गुणलं की १०२४, आणि १०२४×५७६ म्हणजे नेमकं १६:९. ते १९२०×१०८० केले. दोन्ही आकार एकाच फाईलमध्ये जोडायचा मोह आवरला. दोन भाग, दोन फाईली. एकत्र करायचं तर एकाला तरी काळ्या पट्ट्या चित्रात कोराव्या लागतात, आणि कोरलेली पट्टी पुन्हा निघत नाही. पडदा स्वतःच्या पट्ट्या स्वतः लावतो, त्याला लावू द्यावं.

आता प्रत्येक कॅसेट तुकड्यांतच उतरवते. आधीच्या ७ कॅसेटही त्यासाठी परत उतरवल्या. सात तास.

२१ ऑक्टोबर

व्हीएचएस. ही नोंद लिहायला जड जातंय.

व्हीसीआर मामांचाच, पट्टा ढिला होता, कुडाळात दुरुस्त करून घेतला, १,८०० रुपये. संगणकाला जोडायला यूएसबी कॅप्चरची कांडी घेतली, ९०० रुपये. तिच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर चालू केलं आणि ५ कॅसेट उतरवल्या. फाईलचा आकार न बघता.

सॉफ्टवेअर मुळातच ६४०×४८० वर ठेवलेलं होतं. आकार म्हणून ते ४:३ दिसतं, म्हणून शंका आली नाही. पण ५७६ ओळींच्या ४८० करताना त्याने विणलेल्या ओळी तशाच दाबल्या. दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. नट जरा हलला की दोन हात दिसतात, आणि कडांना फणीचे दात. नीट डीइंटरलेस करता येत नाही, कारण सोडवायला आता वेगळे धागेच उरलेले नाहीत. डीइंटरलेस आधी, उंची बदलणं नंतर, हा क्रम मी ९ तारखेला स्वतःच लिहिला होता. पण तो क्रम कॅप्चरच्या आतही लागू होतो हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पाचांपैकी चार कॅसेट पुन्हा उतरवता येतील. पाचवी १९९६ची होती. तिच्यावर बुरशी नव्हती, पण फीत ठिसूळ झाली होती, आणि पहिल्याच खेपेला शेवटच्या दहा मिनिटांत तुटली. जोडून पुन्हा लावली तर चित्राऐवजी बर्फ, नुसते पांढरे ठिपके. म्हणजे १९९६च्या त्या रात्रीचं जे काही आहे ते आता माझ्या त्या चुकीच्या ६४०×४८० च्या फाईलमध्ये. मामांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आवाज तर आहे ना. आवाज आहे. पेटी, मृदंग, झांज, सगळं स्वच्छ.

व्हीएचएसला हात लावणाऱ्याने एवढं करावं: कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये पद्धत पाल आहे का, आकार ७२०×५७६ आहे का, आणि डीइंटरलेस बंद आहे का, हे एका नको असलेल्या कॅसेटवर आधी तपासावं. लग्नाची, वाढदिवसाची, कुठलीही. जपायची कॅसेट पहिली लावू नये.

२३ ऑक्टोबर

१९९६च्या फाईलचा निदान आकार नीट करून ठेवला. ७२० रांगा अख्ख्या ६४० मध्ये दाबल्या होत्या, म्हणजे कडांची मोकळीकही त्यात आली आणि चित्र सव्वादोन टक्के अरुंद झालं. ६४० पैकी मधल्या ६२६ रांगा घेतल्या आणि त्या ६४० केल्या. उंची ४८० तशीच ठेवली, ओळींना आता आणखी हात लावायचा नव्हता. दुहेरी हात तसेच आहेत. चेहरे आता त्यांचे आहेत.

२७ ऑक्टोबर

व्हीएचएसच्या चार कॅसेट नव्याने उतरल्या. या कांडीच्या फाईलमध्ये चिठ्ठीच नसते, एफएफप्रोब १:१ सांगतं. ते खोटं मानायचं आणि १२:११ धरायचं. आणि हिचं वरचं अर्धं चित्र आधी येतं, डीव्हीच्या उलट. नाचाचा तुकडा लावून खात्री केली.

व्हीएचएसच्या तळाला ८-१० ओळी फाटलेल्या असतात, हेड बदलण्याच्या जागेवर. त्या मी कापल्या, ७०४×५६६ राहिलं, आणि सवयीने १४४०×१०८० ला ताणलं. चाक आता गोल राहणार नाही हे लक्षात यायला दोन कॅसेट लागल्या. उंचीतून १० ओळी काढल्या तर रुंदीतूनही त्याच प्रमाणात काढाव्या लागतात. ७०४ गुणिले ५६६ भागिले ५७६ म्हणजे ६९२. तर क्रॉप ६९२×५६६, मग १४४०×१०८०. दोन्ही आकडे सम असावेत. नाहीतर दुसरा मार्ग, काहीच न कापता त्या ओळींवर काळा रंग भरायचा. ज्या कॅसेटमध्ये नट चौकटीच्या अगदी कडेला उभे आहेत तिथे मी तेच केलं. दशावतारात मागे एक बाकडं आणि बाजूला वादक, एवढाच मांड असतो. पेटीवाला कडेलाच बसतो. त्याचा खांदा कापायला मन होईना.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाहुण्यांनी एक डीव्हीडी आणून दिली: त्यांच्या घरच्या व्हीएचएसची, शहरात एका दुकानातून पूर्वी करून घेतलेली. मूळ कॅसेट नंतर टाकून दिली होती. डीव्हीडीत माणसं रुंद.

मनात धस्स झालं, पण मोजल्यावर हलकं वाटलं. चित्र पूर्ण ७२०×५७६ मध्ये होतं, सगळ्या ओळी शाबूत, विणही शाबूत. चुकीची होती ती फक्त चिठ्ठी: ४:३ च्या जागी १६:९. देवळाच्या सभामंडपातलं गोल घड्याळ मागे भिंतीवर आहे, कॅमेऱ्यासमोर सरळ. कच्च्या पिक्सेलमध्ये ते ८८ रुंद, ९६ उंच भरलं. भागाकार १.०९, म्हणजे साधं ४:३. डीव्हीडीतल्या एमपेग२ व्हिडिओतली तेवढी खूण बदलायचा फिल्टर एफएफएमपेगमध्ये आहे. एन्कोडिंग न करता, एकही पिक्सेल न बदलता, पाच मिनिटांत काम झालं. नंतर दाखवायच्या प्रतीसाठी नेहमीची कृती.

म्हणून कोणाची "बिघडलेली" फाईल हातात आली तर लगेच ताणायला घेऊ नये. आधी बघावं की चित्र बिघडलंय की नुसती चिठ्ठी. जुन्या चित्रांत गोल वस्तू शोधायची सवय मला आता लागलीय: घड्याळ, झांज, गॅसबत्तीचा बूड, सुपातलं नारळाचं तोंड. कॅमेऱ्यासमोर सरळ असेल तीच धरायची.

९ नोव्हेंबर

फोनवर पाठवायच्या लहान प्रती. ४:३ ला ६४०×४८०, काही अडचण नाही. १६:९ ला उंची ४८० सांगितली तर रुंदी ८५३ येते, विषम, आणि एन्कोडर नाही म्हणतो. ८५४ करता येतं, चूक नगण्य. पण मी ६४०×३६० घेतलं, भाग नीट जातो.

एका मुलाने फोन उभा धरून टीव्हीवरून चित्रीकरण करून ते गटात टाकलं होतं, तिरकं आणि पुन्हा रुंद. त्याला रागावले नाही. लहान प्रती लगेच दिल्या, की तसं करायची गरज पडू नये.

१३ नोव्हेंबर

उद्या दाखवायचं. मंडपवाल्याकडून प्रोजेक्टर आणला, भाडं ८०० रुपये. १२८०×८०० चा, म्हणजे ना ४:३ ना १६:९. चाक लावलं, अंडं दिसलं. आकाराचा पर्याय "फुल" वरून "ऑटो" केला. तरी वरून रुंद, खालून अरुंद: प्रोजेक्टर खाली टेबलावर आणि तोंड वर. त्यातली तिरकेपणा सुधारायची सोय वापरली तर पट सरळ झाला पण चाक उंचीत बसकं झालं. ती सोय बंद केली, दोन बाकडी एकावर एक ठेवून प्रोजेक्टरच पडद्याच्या बरोबरीला आणला. पडद्यावर मोजपट्टीने ९८ सेंटिमीटर रुंद, ९८ उंच. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

१५ नोव्हेंबर

काल साठेक माणसं आली. २००३ची कॅसेट पहिली लावली. काकी पुढच्या बाकावर. त्यांच्या यजमानांचा प्रवेश आला तेव्हा शेजारच्या नातवाला म्हणाल्या, "बघ, तुझो आजो." एवढंच.

हिशेब: कार्ड १,४००, केबल २५०, डिस्क ५,५००, व्हीसीआर दुरुस्ती १,८००, कांडी ९००, प्रोजेक्टर ८००. एकूण १०,६५० रुपये. २३ मिनीडीव्ही पूर्ण, व्हीएचएसच्या ७ पूर्ण, त्यांतली १९९६ची आहे त्या अवस्थेत. बुरशीच्या ४ कॅसेट डब्यात आहेत. पावसाळी दमट हवा गेलीय, थंडी पडली की त्या उघडून साफ करायला घेईन. त्याआधी एक जुना, वेगळा व्हीसीआर लागेल, बुरशीच्या कॅसेटसाठीच ठेवलेला. कोणाकडे पडून असेल तर मी येऊन घेऊन जाईन.